समाजातील कला आणि पदव्युत्तर मराठी : निपाणीचा एक अनुभव



नाटक, गाणे, चित्र, गोष्ट ही माध्यमे घेऊन वस्तीत, तुरुंगात, दवाखान्यात जायचे आणि तिथल्या माणसांबरोबर काम करायचे, याचे पदव्युत्तर शिक्षण आज जगात अनेक विद्यापीठे देतात. आपल्याकडे एम.ए. मराठीच्या विद्यार्थ्यांनी असे काही केले तर आपण त्याला 'उपक्रम' म्हणतो आणि वार्षिक अंकात त्याचा फोटो छापतो. हा अभ्यास आपल्या विभागांत रीतसर यावा असे माझे मत आहे. मात्र तो कसा यावा, हे मला निपाणीत कळले, आणि तेही चूक करून. म्हणून आधी तेच सांगतो.

ही वाट आपल्याला नवी नाही. सत्यशोधक जलसे, पुढे आंबेडकरी जलसे, अण्णा भाऊ साठे आणि अमर शेख यांची कलापथके, १९८३ पासून स्त्री मुक्ती संघटनेने गावोगाव नेलेले 'मुलगी झाली हो' हे सगळे आपण शिकवतो. पण शिकवतो ते संहिता म्हणून. जलशानंतर त्या गावात काय झाले, हा प्रश्न आपल्या प्रश्नपत्रिकेत येत नाही.

निपाणीपुरते सांगायचे तर सर्वांत मोलाचे उदाहरण एका माहितीपटाचे आहे. १९८० मध्ये बंगळूरला दीपा धनराज, आभा भैया, नवरोज काँट्रॅक्टर आणि मीरा राव यांनी 'युगांतर' हा गट स्थापन केला. पुण्याच्या घरकामगार बायकांवर 'मोलकरीण' केल्यानंतर ही मंडळी निपाणीत आली आणि १९८२ साली त्यांनी इथल्या तंबाखू कामगार बायकांबरोबर 'तंबाखू चाकिला ऊब आली' हा पंचवीसेक मिनिटांचा माहितीपट केला. ढिगात लावलेल्या तंबाखूला आतून उष्णता चढते, ती ही ऊब. नाव किती नेमके आहे पाहा. वखारीतले काम, ती धूळ, बायकांच्या बैठका, त्यांचे बोलणे हे सगळे त्यात आहे. अलीकडे बर्लिनच्या आर्सेनाल संस्थेने युगांतरचे माहितीपट दुरुस्त करून पुन्हा दाखवण्याजोगे केले. बर्लिनमध्ये ते पाहिले जातात. आमच्या वर्गात हात वर करायला सांगितले तेव्हा निपाणीच्याच चौदा मुलांपैकी एकानेही या माहितीपटाचे नाव ऐकलेले नव्हते.

तो माहितीपट दाखवून मी मुलांना म्हटले, आपणही काही करू. मुलांनी पथनाट्य लिहिले. विषय ठरला तंबाखूचे दुष्परिणाम आणि मुलींचे शिक्षण. विडी वळणाऱ्या बायकांच्या वस्तीत प्रयोग झाला. बायका मांडीवर सूप घेऊन, हातातले काम न थांबवता बघत होत्या. संपल्यावर एक मावशी म्हणाल्या, "नाटक ब्येस झालं, मास्तर. पर इडी वळू नका म्हन्तासा, मग वळायचं काय?" दुसरी म्हणाली, "आनि ह्यात आमी कुठं हाय?"

मुले गप्प. मीही गप्प.

त्यातल्या एका विद्यार्थिनीची आई स्वतः विड्या वळत होती. ही गोष्ट तिने दोन वर्षे वर्गात कुणाला सांगितलेली नव्हती. ती पुढाकार घेऊन परत गेली, या खेपेस संहिता न घेता. चार-पाच आठवडे मुले नुसती बसून ऐकत राहिली. तेव्हा उमगले की बायकांचा खरा राग तंबाखूवर नाही, 'छाट'वर आहे. माल तपासणारा ज्या विड्या खराब म्हणून बाजूला टाकतो त्या छाट. त्यांची मजुरी मिळत नाही. मग बायकांनीच प्रसंग उभा केला. पहिल्या दिवशी प्रश्न विचारणाऱ्या मावशी तपासनीस झाल्या. कानाला पेन्सिल, पायात मुलाच्या चपला. अर्धे बोलणे मराठीत, अर्धे कन्नडमध्ये. वस्ती हसून लोळली. मला वाटले, झाले, हेच ते शिक्षण.

पुढच्या आठवड्यात मावशींच्या विड्यांची छाट वाढली. त्याच्या पुढच्याही. कुणी काही बोलले नाही, पण नकलेची बातमी पोचायची तिथे पोचली होती. आमच्या मुलांना त्या प्रकल्पात उत्तम गुण मिळाले. त्या गुणांची किंमत मावशींनी मजुरीतून मोजली. मुलांनी वर्गणी काढून पैसे नेले, ते त्यांनी घेतले नाहीत.

तेव्हा मी तो माहितीपट पुन्हा पाहिला आणि पहिल्या वेळी नजरेतून सुटलेली गोष्ट दिसली. युगांतरची मंडळी आली तेव्हा बायकांची संघटना उभी राहिलेली होती. कॅमेऱ्यापुढे बोलणारी बाई एकटी नव्हती. आम्ही मावशींना एकटीला उभे केले. कला पुढे आणि संघटना मागे, हा आमचा क्रम उलटा होता. केनियात नैरोबी विद्यापीठाच्या साहित्य विभागाचे प्रमुख न्गुगी वा थिओंगो यांनी १९७७ मध्ये कामिरीथू गावात तिथल्या शेतकरी-कामगारांबरोबर त्यांच्याच गिकुयू भाषेत नाटक केले. सरकारने ते बंद पाडले आणि वर्षअखेरीस न्गुगींना तुरुंगात टाकले. निदान तिथे प्राध्यापकानेही किंमत मोजली.

म्हणून असा अभ्यासक्रम मांडायचा तर 'नाट्यतंत्राची ओळख' इथून सुरुवात नको. सुरुवात हवी ती प्रयोगानंतर कोण तिथे राहणार आहे, या प्रश्नाने. पंधरा दिवसांच्या शिबिराने हे साधत नाही, निदान एक वर्ष एकाच वस्तीत जायला हवे. मार्गदर्शकांपैकी एक त्या वस्तीतला असावा आणि त्याला मानधन मिळावे. दाखवायचे की नाही, हे ठरवण्याचा हक्क बायकांचा. त्या नको म्हणाल्या तर विद्यार्थ्याचे गुण कापले जाऊ नयेत.

आणि भाषा. आमच्या त्या विद्यार्थिनीने बायकांचे संवाद जसेच्या तसे प्रबंधिकेत लिहिले. बाहेरच्या परीक्षकांनी लाल शाईने शेरा मारला, 'भाषा मिश्र व अशुद्ध'. सीमाभागात दुसरी कुठली भाषा मिळणार होती? निपाणी कर्नाटकात आणि तिला लागून असलेल्या अर्जुननगरचे देवचंद कॉलेज महाराष्ट्रात, शिवाजी विद्यापीठाकडे. मुले रोज राज्य ओलांडून वर्गात बसतात. तीच मुले घरी एका वाक्यात दोन भाषा बोलतात. मराठीच्या हक्कासाठी आयुष्य घालवलेल्या मंडळींना हे बोचेल याची मला कल्पना आहे. त्यांच्यापैकी काही समोर बसलेही आहेत. पण मावशींचा तपासनीस शुद्ध मराठीत बोलला असता तर कुणीही हसले नसते. कर्नाटकातच हेग्गोडूला के. व्ही. सुब्बण्णांच्या 'नीनासम'ने १९८० पासून खेड्यात बसून नाट्यशिक्षण दिले आहे. आपले किती मराठी विभाग तिथे जाऊन आले?

चार श्रेयांकांच्या अशा एका विषयपत्रिकेचा आराखडा मी गेल्या वर्षी अभ्यासमंडळाकडे दिला. तो एका शेऱ्यासह परत आला : 'नेमलेले पाठ्यपुस्तक नमूद करावे.' मी तो कागद घेऊन मावशींकडे गेलो. डोळे अधू झाल्याने त्या आता विड्या वळत नाहीत. त्यांनी शेरा वाचून घेतला आणि विचारले, "म्हंजी परत येनार नव्हं तुमची पोरं?" पाठ्यपुस्तकाची जागा कोरी ठेवून आराखडा मी पुन्हा पाठवला आहे.