व्हॉइस, नॉइज आणि हिअरिंग



चालकांनी मला इंग्रजी शब्दांवर बोलावयास सांगितले तेव्हा मला हसूच आले. माझे शिक्षण नववीपर्यंतचे. पुढचे इंग्रजी मी इथल्या, तळोज्याच्या औद्योगिक वसाहतीत, कारखान्यांच्या नोटिसा वाचून शिकलो. तेही आधी चुका करून. तेव्हा हे पंडिताचे भाषण नव्हे.

पहिली चूक सांगतो. माझा एक सोबती हॅमर विभागात होता. वर्षानुवर्षे त्या दणक्यात काम करून त्याला कमी ऐकू येऊ लागले, म्हणून कान तपासून मिळावेत असा अर्ज त्याने केला होता. तशात गैरहजेरीवरून त्याला आरोपपत्र मिळाले. काही दिवसांनी आणखी एक इंग्रजी पत्र आले, ते घेऊन तो माझ्याकडे आला. मी त्यातला 'हिअरिंग' हा एकच शब्द ओळखला, तारीख-वेळ पाहिली आणि मोठ्या ऐटीत सांगितले, "गड्या, तुझ्या कानांची तपासणी लागली!" त्या दिवशी तो दवाखान्याच्या बाकावर बसून राहिला आणि इकडे त्याची चौकशी एकतर्फी उरकली. नोकरी गेली. ती परत मिळवावयास सात महिने लागले. त्या महिन्यांचा पगार बुडाला तो बुडालाच. त्याने मला कधी बोल लावला नाही. मी मात्र त्याच आठवड्यात जुना शब्दकोश विकत आणला.

आता घोटाळा का होतो ते पाहा. मराठीत 'ऐकू येणे' वेगळे, 'ऐकून घेणे' वेगळे आणि 'सुनावणी' तर त्याहून वेगळी. इंग्रजीत कानाची शक्ती आणि अधिकाऱ्यापुढची सुनावणी, दोन्ही हिअरिंगच. उलट आपला 'आवाज' भलताच ऐसपैस. गळ्यातला आवाज, भांडे पडले तो आवाज, यंत्राचा तोही आवाज. इंग्रजीत माणसाचा तो व्हॉइस, कोणताही कानी पडतो तो साउंड आणि नकोसा वाटतो तो नॉइज. नॉइजचे मूळ मळमळ या अर्थाच्या लॅटिन शब्दात असावे असे कोशकार म्हणतात. प्रेसशॉपमध्ये पाळी भरलेल्यास ते पटेल! आमच्या एका पोराने तक्रारीत 'खात्यात व्हॉइस फार आहे' असे लिहिले. साहेब म्हणाले, "बरे आहे की, लोकशाही आहे!" हसण्यावारी तक्रार गेली. वास्तविक नॉइज हा कायद्यातला शब्द. नॉइजने येणारे बहिरेपण १९४८ च्या कारखाना कायद्याच्या तिसऱ्या परिशिष्टात, कळवावयाच्या रोगांत घातले गेले. नुकसानभरपाईच्या कायद्यातही ते आले. आठ तासांच्या पाळीस ९० डेसिबलची मर्यादा घातली गेली, तीही नॉइजलाच.

दुसरी जोडी ओरल आणि व्हर्बल. ओरल म्हणजे तोंडी. व्हर्बलचे मूळ 'शब्द'; म्हणून बोललेले आणि लिहिलेले, दोन्ही व्हर्बल. रोजच्या वापरात लोक व्हर्बल म्हणजे तोंडीच समजतात, आणि कोशांनीही तो अर्थ आता मान्य केला आहे. पण 'व्हर्बल वॉर्निंग दिली' असे कागदावर दिसले की मी विचारतो: कोणी, केव्हा, कोणासमोर; आणि लेखी असेल तर प्रत कोठे? पुराव्याच्या कायद्यात, १८७२ च्या काय आणि २०२३ च्या काय, तोंडी पुराव्याला ओरल हाच स्वच्छ शब्द आहे. ओरलसारखाच ऐकू येणारा एक शब्द कानासंबंधीचा आहे. तो 'ए'ने सुरू होतो, तोंडाचा 'ओ'ने. 'ओ' म्हणताना तोंड गोल होते, ही माझी खूण.

पण सर्वांत सांभाळावयाचा शब्द 'अलाउड'. उच्चार एक, शब्द दोन. एका 'एल'चा म्हणजे मोठ्याने. दोन 'एल'चा म्हणजे परवानगी असलेला. जबाबाखाली एका 'एल'चा असेल तर जबाब कामगाराला वाचून दाखवला असा अर्थ निघतो. टंकलेखकाने दोन 'एल' मारले, तर वाचण्याची त्याला मुभा दिली असे होऊ शकते. आणि ज्याला वाचता येत नाही त्याने त्या मुभेचे काय करावयाचे? म्हणून सही करण्यापूर्वी तो कागद मराठीत समजावून घ्या, आणि 'मराठीत समजावून सांगितले' हे शब्द सहीच्या वर लिहून घ्या.

माझे संपले. कोणाजवळ अशी पत्रे असतील तर पुढे आणावीत, आत्ताच पाहू. प्रश्न मात्र जरा मोठ्याने विचारा. त्या हॅमर विभागात मीही सोळा वर्षे काढली आहेत.