परीक्षा हा आयुर्वेदाचा अवमान नव्हे
(शिरूर कासार, जि. बीड येथील व्याख्यानाचे शब्दांकन)



‘झाडपाल्याचे औषध, त्याने अपाय कसला?’ हे वाक्य शिरूर कासारच्या बाजारातही ऐकू येते. ऊसतोडीहून परतलेला मजूर कंबरदुखीवर नाव नसलेली पुडी याच विश्वासाने घेतो. आयुर्वेदाची शिकवण मात्र निराळी आहे. द्रव्याची ओळख, मात्रा, शोधन आणि रोग्याचे बल पाहूनच औषध द्यावे, हा आपल्या आचार्यांचा दंडक आहे.

तो मोडल्यास काय होते, हे बेल्जियमने अनुभवले. १९९० ते १९९२ या काळात ब्रुसेल्स येथे वजन घटविण्यासाठी चिनी वनौषधी दिल्या गेल्या. नामसाधर्म्यामुळे एका वनस्पतीच्या जागी ॲरिस्टोलोकिया कुळातील दुसरीच आली. शंभराहून अधिक जणांच्या, मुख्यतः स्त्रियांच्या, मूत्रपिंडांना इजा झाली. अनेकांच्या नशिबी डायलिसिस आले, काहींना मूत्रमार्गाचा कर्करोगही झाला. या वनस्पतींतील आम्लाने उंदरांना कर्करोग होतो, हे १९८२ मध्येच सिद्ध झाले होते. मुक्या प्राण्यांनी दिलेली साक्ष कोणी ऐकलीच नाही!

हे कुळ आपल्याला परके नाही. ईश्वरी आणि कीटमारी त्यातल्याच. कीटमारी तर मराठवाड्याच्या काळ्या रानात उगवते.

म्हणून चाचणी हवी. नव्वद दिवसांच्या प्रमाणित चाचणीत उंदरांच्या तीन गटांना वेगवेगळ्या मात्रा देतात, चौथ्या गटाला औषध देत नाहीत. प्रत्येक गटात दहा नर व दहा माद्या असतात. शेवटी रक्तातील युरिया व क्रिएटिनिन मोजतात. परंतु मूत्रपिंडाचे बरेचसे कार्य हरपेपर्यंत क्रिएटिनिन फारसे वाढत नाही. म्हणून मूत्रपिंडाचा छेद सूक्ष्मदर्शकाखाली पाहणे अनिवार्य ठरते. प्राण्यांना अकारण यातना होऊ नयेत, यासाठी १९६० च्या कायद्याखालील समितीचे नियंत्रण असते. भूतदया आणि विज्ञान यांत येथे विरोध नाही.

मुंबईच्या के. ई. एम. रुग्णालयात डॉ. शरदिनी डहाणूकर यांनी गुळवेलीसारख्या वनस्पती प्रयोगशाळेत तपासल्या. त्यामुळे आयुर्वेदाची प्रतिष्ठा वाढलीच.

ग्रंथोक्त औषधाच्या परवान्यासाठी सुरक्षिततेचा नवा अभ्यास आजही सक्तीचा नाही. अशा वेळी समाजानेच जागरूक राहावे. घटकद्रव्ये, परवाना क्रमांक व निर्मात्याचे नाव नसलेली पुडी घरात आणू नये. दीर्घकाळ औषध घेताना वैद्यांच्या सल्ल्याने रक्त-लघवी तपासावी. सोने अग्नीला भीत नाही. आयुर्वेदानेही परीक्षेला भिण्याचे कारण नाही.