टाकाऊ सेल, हातगुंडाळीचे वेटोळे आणि एक दिवा

(मुधोळ येथे परिसरातील विज्ञान शिक्षक व विद्यार्थी यांच्यासमोर दिलेल्या भाषणाचा मजकूर)



मुधोळ तालुका १९५६ च्या राज्य पुनर्रचनेपूर्वी नांदेड जिल्ह्यात होता. पुढे तो आदिलाबाद जिल्ह्यास जोडण्यात आला आणि २०१६ पासून मुधोळचा समावेश निर्मल जिल्ह्यात झाला आहे. जिल्ह्यांची नावे बदलली, परंतु येथील अनेक घरांतील मराठी टिकून राहिली. घरी मराठी आणि शाळेत तेलुगू किंवा इंग्रजी, अशा दोन भाषांच्या उंबरठ्यावर उभ्या असलेल्या मुलास विज्ञानाचा धडा पुष्कळदा केवळ पाठ करावा लागतो. ‘विद्युत्प्रवर्तन’ हा शब्द त्याला कोणत्याही भाषेत परकाच वाटतो. मात्र तीच गोष्ट त्याने स्वतःच्या हाताने केली, तर तिला भाषेची अडचण उरत नाही. म्हणून आज मी आपणांसमोर एक लहानसा प्रयोग मांडणार आहे. त्यास लागणारे साहित्य बहुतांशी टाकाऊ आहे.

विजेरी मंद झाली की आपण तिच्यातील सेल फेकून देतो. नव्या सेलचा दाब सुमारे १.५ व्होल्ट असतो. तो एक व्होल्टच्या आसपास उतरला म्हणजे विजेरीच्या दृष्टीने सेल निकामी ठरतो, परंतु त्यातील सर्व ऊर्जा संपलेली नसते. उलटपक्षी, आजच्या पांढऱ्या एलईडीस प्रकाश देण्यासाठी सुमारे ३ व्होल्ट दाब लागतो. तांबड्यासही २ व्होल्टच्या आसपास लागतो. म्हणजे एकटा नवा सेलदेखील हा दिवा लावू शकत नाही. मग जुना सेल तो कसा लावील? या प्रश्नातच आजचा धडा आहे.

उत्तराचे मूळ १८३१ सालात आहे. त्या वर्षी मायकेल फॅरडे यांनी एका लोखंडी कड्यावर तारेची दोन वेटोळी गुंडाळली. आजच्यासारखी लेप दिलेली तार तेव्हा मिळत नव्हती. सुतळी आणि कापड यांचे थर मध्ये घालून त्यांनी वेढे परस्परांपासून अलग ठेवले. एका वेटोळ्यातील प्रवाह सुरू किंवा बंद करताच दुसऱ्यात क्षणभर प्रवाह उत्पन्न होतो, असे त्यांना आढळले. जगातील एवढा मोठा शोध हाताने गुंडाळलेल्या वेटोळ्यातून लागला, हे विद्यार्थ्यांनी ध्यानात ठेवावे.

आता आपली जोडणी पाहू. फेराइटचे एक लहान कडे घ्यावे. बंद पडलेल्या सीएफएल दिव्याच्या तळभागातील मंडलात ते सापडते. मात्र ते शिक्षकांनीच काढावे, कारण काचेच्या नळीत पारा असतो आणि धारित्रात विद्युत्भार शिल्लक असू शकतो. दोन रंगांच्या बारीक तारा, समजा तांबडी व हिरवी, एकत्र धरून कड्यावर पंधरा ते वीस वेढे द्यावेत. त्यानंतर तांबड्या तारेचे सुरुवातीचे टोक आणि हिरव्या तारेचे शेवटचे टोक जोडून ते सेलच्या धन टोकास लावावे. उरलेल्या दोन टोकांपैकी एक १००० ओहमच्या रोधकामधून ट्रॅन्झिस्टरच्या बेसला व दुसरे कलेक्टरला जोडावे. एमिटर सेलच्या ऋण टोकास जोडावा. एलईडीचा लांब पाय कलेक्टरला व आखूड पाय एमिटरला लावावा. बीसी ५४७ हा स्वस्त ट्रॅन्झिस्टर या कामास पुरतो. त्याची सपाट बाजू आपल्याकडे व पाय खाली असता, डावीकडून कलेक्टर, बेस व एमिटर असा क्रम असतो.

आत काय घडते? बेसकडे जाणारा अल्प प्रवाह ट्रॅन्झिस्टर चालू करतो. कलेक्टरच्या वेटोळ्यात प्रवाह वाढू लागतो आणि कड्यात चुंबकीय क्षेत्र साठते. ते वाढत असताना दुसऱ्या वेटोळ्यात उत्पन्न होणारा दाब बेसला आणखी बळ देतो. शेवटी ही वाढ थांबते. वाढ थांबताच बेसचा आधार जातो व ट्रॅन्झिस्टर बंद होतो. चुंबकीय क्षेत्र ओसरू लागते आणि वेटोळ्यातील दाब सेलच्या दाबात मिळून एलईडीमधून वाट काढतो. लगेच पुढचे आवर्तन सुरू होते. हे एका सेकंदात हजारो वेळा घडत असल्यामुळे डोळ्यांना दिवा अखंड दिसतो.

आपल्या वडीलधाऱ्यांनी मोट पाहिली आहे. मोट विहिरीत भरते, वर येते आणि थारोळ्यात एकदम रिती होते. वेटोळे तेच करते. मोट पाणी निर्माण करीत नाही, तसे वेटोळेही ऊर्जा निर्माण करीत नाही. दाब वाढतो तेव्हा सेलमधून प्रवाहही अधिक ओढला जातो, शिवाय काही ऊर्जा वाटेत उष्णतेत वाया जाते. ‘फुकट वीज’ असा समज मुलांच्या मनात राहू देऊ नये.

एका सेलवर एलईडी चालविणारी अशी जोडणी १९९९ मध्ये ‘एव्हरीडे प्रॅक्टिकल इलेक्ट्रॉनिक्स’ या इंग्रजी मासिकात प्रसिद्ध झाली आणि तेव्हापासून जगभरच्या हौशी मंडळींनी ती आपलीशी केली.

मी स्वतः ही जोडणी प्रथम केली तेव्हा दोन सायंकाळी दिवा लागलाच नाही. पहिल्या दिवशी तारेवरील लेप खरवडावयाचा राहिला होता. दुसऱ्या दिवशी वेटोळ्याची टोके उलट जोडली गेली होती. त्यामुळे एक वेटोळे दुसऱ्यास बळ देण्याऐवजी अडवीत होते. तिसऱ्या दिवशी टोके बदलली आणि दिवा लागला. पहिल्याच दिवशी तो लागला असता, तर वेटोळ्याच्या दिशेचे महत्त्व मला कधीच कळले नसते. म्हणून शिक्षकांना माझी विनंती आहे की, विद्यार्थ्याचा दिवा लागला नाही तर ती जोडणी त्याच्या हातून काढून घेऊ नका. ‘आता काय तपासशील?’ एवढेच विचारा, आणि ते त्याच्या घरच्या भाषेत विचारा.

दिवा लागल्यावरही काम संपत नाही. वेढे कमी-अधिक करून पाहावे. फेराइटऐवजी लोखंडी खिळा वापरून प्रकाश का मंदावतो, याचा विचार करावा. जलद बदलणाऱ्या क्षेत्रात लोखंडामध्येच भोवरी प्रवाह फिरतात व ऊर्जा खर्च होते. सेलचा दाब रोज मोजून वहीत नोंदवावा. सुमारे ०.६ व्होल्टच्या आसपास ट्रॅन्झिस्टरच चालू होईनासा होतो. गळू लागलेला सेल वापरू नये, कोणताही सेल फोडू किंवा जाळू नये आणि घरातील विजेच्या जोडणीशी या साहित्याचा संबंध येऊ देऊ नये.

पुणे जिल्ह्यातील पाबळ येथे डॉ. श्रीनाथ कलबाग यांनी १९८३ मध्ये विज्ञान आश्रम स्थापन केला, तो हाताने काम करीत शिकण्याच्या तत्त्वावरच. मुधोळपासून जवळच, बासरला, २००८ पासून तंत्रज्ञानाचे विद्यापीठ उभे आहे. तेथपर्यंत जाणारी वाट गावातल्या शाळेतूनच सुरू होते. प्रयोगशाळेच्या कपाटाची किल्ली सापडत नसेल, तरी जुना सेल प्रत्येक घरात सापडतो. तो फेकण्यापूर्वी एकदा मुलाच्या हाती द्यावा, एवढीच विनंती करून मी आपली रजा घेतो.