कृपा फुकट, मग आज्ञा कशाला?

भिवंडी तालुक्यातल्या गणेशपुरीला नित्यानंदांच्या समाधीपुढे हात जोडणाऱ्याला कृपा ही कमाई नव्हे, हे पटवून द्यावे लागत नाही. ख्रिस्ती श्रद्धाही तेच सांगते. फरक आहे तो ती कृपा कोणाची आणि कोणत्या मोलाने मिळाली, यात. पण तारण फुकट मिळणार असेल, तर देवाच्या आज्ञा पाळायच्या कशाला? आक्षेप जुनाच आहे. रोमकरांस लिहिलेल्या पत्राच्या सहाव्या अध्यायात पौल तो स्वतःच उपस्थित करतो. ख्रिस्ताबरोबर ज्याचे जुने जिणे संपले, त्याने पुन्हा त्याच जिण्यात शिरणे विसंगत, असा त्याचा युक्तिवाद.

तो आयुष्यात कितपत टिकतो, हे पंडिता रमाबाईंकडे पाहून तपासता येईल. 1883 मध्ये इंग्लंडमधल्या वाँटेजला त्यांनी बाप्तिस्मा घेतला. तेव्हा धर्म सापडला, ख्रिस्त मात्र सुमारे आठ वर्षांनी, असे त्यांनी स्वतःच लिहिले आहे. इथे कोणीही विचारील : रमाबाईंची संस्था शारदा सदन तर 1889 मध्येच, म्हणजे ख्रिस्त सापडण्याआधीच, उघडली, मग सेवेला कृपेची गरज कुठे पडली? हा आक्षेप वजनदार आहे. करुणेपोटी सेवा कोणीही करू शकतो, ख्रिस्ती नसलेल्यांनीही ती भरभरून केली आहे. पौलाचा दावा तो नाहीच. आपला स्वीकार आपल्या पात्रतेवर झालेला नाही, हे ज्याला उमगले तो दुसऱ्याची पात्रता विचारत बसत नाही, एवढेच त्यातून निघते. शारदा सदन मुख्यतः उच्चवर्णीय विधवांसाठी होते. 1896-97 च्या दुष्काळात रमाबाई मध्य प्रांतात गेल्या, तिथल्या उपाशी मुलींना घेऊन आल्या आणि केडगावचे मुक्ती सदन उभे राहिले. पुढे तिथेच, समाजाने पतित ठरवलेल्या स्त्रियांसाठी कृपा सदन निघाले. दुष्काळानेच हे करायला लावले, असे म्हणता येईल. पण दुष्काळ तर सगळ्यांनीच पाहिला होता.

आज्ञापालन म्हणजे मुकाट्याने मान तुकवणे, असाही एक समज आहे. रमाबाईंनी तो मानला नाही. वाँटेजच्या मठातल्या सिस्टर जेराल्डीन यांच्याशी त्या पत्रांतून त्रैक्याच्या सिद्धांतावर वाद घालत, क्रॉसवर लॅटिनऐवजी संस्कृत अक्षरे का नकोत, असे विचारत. त्या वडीलधाऱ्यांना हा अहंकार वाटला असेल. मला त्यात आज्ञापालनाची पहिली अट दिसते : देवाचे वचन कोणते आणि माणसाचा हुकूम कोणता, हे स्वतः वाचून ठरवणे. साध्यासुध्या बायकांनाही ते वाचता यावे म्हणून रमाबाई उतारवयात हिब्रू आणि ग्रीक शिकल्या आणि 1922 मध्ये निधन होईपर्यंत बायबलच्या मराठी भाषांतरावर राबल्या. त्याचे खिळे केडगावच्या छापखान्यात बायकांनीच जुळवले.