अक्कलदाढ, रक्त आणि वुजू

मी दंतवैद्य नाही, संगणकावर प्रोग्रॅम लिहितो. पण घाटीच्या आवारातल्या शासकीय दंत महाविद्यालयात मोहल्ल्यातल्या पोरांसोबत बऱ्याचदा गेलोय. डॉक्टर नीट सांगतात. घोळ घरी आल्यावर होतो.

दाढ काढली की हाडात खड्डा उरतो. त्यात रक्त गोठून गाठ बनते, तीच खरी मलमपट्टी. म्हणून गॉजचा बोळा अर्धा ते पाऊण तास दातांत घट्ट धरायचा, मधूनच काढून बघायचं नाही. तरीही रक्त आलं तर नवा ओला गॉज आणखी अर्धा तास दाबायचा. गॉज नसेल तर भिजवलेली चहाची पिशवी चालते. चहातला टॅनिन रक्त गोठायला मदत करतो.

आपली अडचण पुढे आहे. रक्त गिळायचं नाही म्हणून पोरं सारखी थुंकतात. थुंकण्याच्या जोरानं गाठ सुटते. लाळेपेक्षा रक्त जास्त आलं की हनफी मतानुसार वुजू तुटतो. मग पुन्हा वुजू, पुन्हा खळखळून कुल्ली, पुन्हा रक्त! थुंकू नका, वाकून लाळ ओघळू द्या. लाळ गुलाबी दिसली तर घाबरू नका, पहिल्या दिवशी ते चालायचंच. आणि वुजूचे फर्ज चार, कुल्ली त्यात नाही. ती सुन्नत आहे, कोकणातल्या शाफई भावंडांकडेही. पहिले चोवीस तास ती सोडा. गुस्लमध्ये मात्र हनफींना कुल्ली फर्ज आहे. तशी वेळ आली तर डॉक्टरांना आणि इमामसाहेबांना, दोघांनाही विचारा.

दुसऱ्या दिवसापासून कोमट मिठाच्या पाण्यानं हळू चूळ भरा. स्ट्रॉ नको, मनानं अ‍ॅस्पिरिन नको. सिगारेट, मावा, गुटखा तर नकोच. गुटख्यावर राज्यात २०१२ पासून बंदी आहे म्हणे. टपरीवाल्याला कुणीतरी कळवा. तंबाखूनं गाठ निघते, हाड उघडं पडतं आणि तिसऱ्या-चौथ्या दिवशी कानापर्यंत ठणका लागतो. तेव्हा मेडिकलमधून गोळ्या आणत बसू नका, डॉक्टरकडे परत जा.

घाई नसेल तर दाढ रमजानआधी किंवा ईदनंतर काढा. घाई असेल तर आजाऱ्याला रोज्याची सवलत आहे, कजा नंतर करता येते. अब्बांना रक्त पातळ करणारी गोळी चालू असेल तर डॉक्टरांना आधीच सांगा. ती परस्पर बंद करू नका. आणि दाबूनही तोंड रक्तानं भरत असेल तर सकाळची वाट पाहू नका. घाटीचा अपघात विभाग रात्रभर उघडा असतो.