मोटारीचा स्टार्टर बदलताना
किल्ली फिरवल्यावर नुसता ‘टक्’ असा आवाज येऊन इंजिन फिरत नसेल, तर पुष्कळदा दोष उतरलेल्या बॅटरीचा किंवा गंजलेल्या टर्मिनलचा असतो, आणि ते न तपासता नवा स्टार्टर आणणे म्हणजे पैसे पाण्यात घालणे होय. सोलेनॉइड, म्हणजे विद्युतचुंबकी स्विच, स्टार्टरचे छोटे दातेरी चाक पुढे ढकलून फ्लायव्हीलच्या कड्यात अडकवतो. या स्टार्टरकडे येणाऱ्या जाड केबलमध्ये किल्ली बंद असतानाही वीज असते, म्हणून बॅटरीचे ऋण टर्मिनल सर्वप्रथम सोडवावे. एरवी पाना बॉडीला टेकताच ठिणग्या उडतात. जुना स्टार्टर उतरल्यावर फ्लायव्हीलचे दाते अवश्य पाहावेत, कारण ते झिजलेले असल्यास नवा स्टार्टरही खरखरू लागतो. गाडीखाली शिरताना केवळ जॅकवर विसंबू नये; भक्कम स्टँड लावावेत.