वाचनाची पायरी

प्रमाणित चाचणी, म्हणजे सर्व मुलांना सारखेच प्रश्न सारख्याच रीतीने विचारून एकाच निकषावर तपासली जाणारी परीक्षा, बहुधा लेखी असते. परंतु अक्षरओळखच नसलेल्या मुलाची कोरी उत्तरपत्रिका त्याला काय येते हे सांगत नाही, आणि ही उणीव फार गंभीर आहे. म्हणूनच ‘प्रथम’ संस्थेच्या पुढाकाराने २००५ मध्ये सुरू झालेल्या ‘असर’ सर्वेक्षणात ग्रामीण मुलांची चाचणी घरी, एकेकाला जवळ बसवून, तोंडी घेतली जाते: अक्षर, शब्द, पहिलीच्या पातळीचा उतारा आणि दुसरीच्या पातळीची गोष्ट यांपैकी मूल जिथवर सहज वाचते, ती त्याची पायरी. पाचवीतले मूल शब्दांवरच अडखळले, तर त्याला कोठून शिकवावे हे शाळेच्या सरासरी टक्केवारीवरून नव्हे, या पायरीवरून कळते.